कंपनीचे की तिऱ्हाइताचे? : मॅस्टोडॉनसाठी ॲप निवडताना

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गाडीचा ब्रेक-शू बदलावयाचा असो की मिक्सरचे भांडे, दुकानदार प्रथम एकच प्रश्न विचारतो, "कंपनीचे देऊ की लोकल?" घरातील वडीलधारी मंडळी आधीच बजावून पाठवतात की चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत, पण कंपनीचेच आण. ही शिकवण अनुभवातून आलेली आहे आणि ब्रेक-शूच्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालणार नाही. पण हीच फूटपट्टी घेऊन आपण मोबाईलवरचे ॲप निवडावयास निघालो, तर एका ठिकाणी ती आखूड पडते. ते ठिकाण म्हणजे मॅस्टोडॉन. ती का आखूड पडते, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

मॅस्टोडॉन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल. एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, जे काम करते तेच काम हे करते. छोटे मजकूर लिहावेत, दुसऱ्यांचे वाचावेत, आवडले तर पुढे पाठवावेत. ऑयगेन रॉख्को या जर्मनीतील तरुणाने २०१६ साली ते लोकांपुढे आणले. फरक आहे तो रचनेत. ट्विटरमध्ये सर्वांची खाती एकाच कंपनीच्या ताब्यात असतात. मॅस्टोडॉनची अशी मध्यवर्ती पेढीच नाही. आपल्या बेळगावात गल्लोगल्ली सहकारी पतसंस्था आहेत. प्रत्येकीचे संचालक निराळे, पोटनियम निराळे, सभासद निराळे. समजा, अशा हजारो संस्थांनी आपसांत ठरवले की एकीच्या सभासदाने लिहिलेली चिठ्ठी दुसरीच्या सभासदास बिनतक्रार पोचवावयाची आणि त्यासाठी कागदाचा नमुना एकच वापरावयाचा, तर जे होईल ते मॅस्टोडॉन. येथे संस्थेला सर्व्हर म्हणतात, आणि कागदाच्या नमुन्याला ॲक्टिव्हिटीपब. हा नमुना कोणा कंपनीच्या मालकीचा नाही. इंटरनेटचे मानदंड ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१८ च्या जानेवारीत त्याला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. आज केवळ मॅस्टोडॉनच नव्हे, तर छायाचित्रांसाठीचे पिक्सेलफेड, चलचित्रांसाठीचे पीअरट्यूब हीसुद्धा त्याच नमुन्यावर चालतात.

आता ॲप कोठे बसते ते पाहू. तुमचे खाते, तुमचे लेखन, तुम्ही कोणाचे वाचक आहात आणि तुमचे वाचक कोण, हे सारे सर्व्हरच्या वहीत लिहिलेले असते. ॲप ही ती वही पाहण्याची खिडकी. मॅस्टोडॉनच्या रॉख्को व मंडळींनी स्वतः बनविलेली खिडकी म्हणजे अधिकृत ॲप, आणि दुसऱ्या कोणी बनविलेली खिडकी म्हणजे तिऱ्हाइताचे ॲप. पण दोन्ही खिडक्या सर्व्हरच्या त्याच एका उघड्या दाराशी येऊन उभ्या राहतात. त्यामुळे सकाळी एका ॲपने लिहिलेले दुपारी दुसऱ्यात दिसते, आणि आज एक काढून उद्या दुसरे घातले तर वहीतील एक ओळही हलत नाही.

हे अवघड वाटत असेल तर आपण रोज जे करतो त्याकडे पाहावे. कॉलेजच्या कँटीनमध्ये चहाचे पैसे आपण फोनपेने देतो, शेजारचा गुगल पेने देतो. दोघांचे पैसे आपापल्या बँकेत असतात, फोनपेच्या तिजोरीत नव्हे. यूपीआय ही व्यवस्था ज्या एनपीसीआयने २०१६ साली उभी केली, तिचे स्वतःचे भीम हे ॲप त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला आले. म्हणजे 'कंपनीचे' ॲप भीमच. फोनपे आणि गुगल पे यांना एनपीसीआयच्या कागदोपत्री चक्क 'थर्ड पार्टी' असेच म्हटले आहे. आणि व्यवहार कोणावरून होतात? या दोन तिऱ्हाइतांकडेच मिळून सुमारे चार-पंचमांश. भीम वापरणारा मनुष्य आमच्या वर्गात शोधावा लागेल. तेव्हा तिऱ्हाइताचे ॲप म्हणजे डुप्लिकेट माल, हा समज आपण पैशांच्या बाबतीत केव्हाच टाकून दिला आहे. फक्त तो टाकल्याचे आपल्या ध्यानात आलेले नाही.

ही उपमा मात्र फार ताणू नये. यूपीआयमध्ये मध्यभागी एनपीसीआय बसलेली आहे. कोणत्याही एका तिऱ्हाईत ॲपकडे एकूण व्यवहारांपैकी ३० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असा दंडक तिने नोव्हेंबर २०२० मध्ये घातला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत लांबवली. दंडक घालणारी आणि मुदत वाढवणारी अशी एक संस्था तेथे आहे. मॅस्टोडॉनमध्ये असा हुकूम सोडू शकेल असे कोणीच नाही. एखाद्या सर्व्हरने उद्या तिऱ्हाईत ॲपना दार बंद केले, तर ते त्या एका सर्व्हरपुरते. बाकीच्या हजारोंना त्याचे सोयरसुतक नाही.

दार बंद होणे म्हणजे काय, हे ट्विटरच्या वापरकर्त्यांनी २०२३ साली पाहिले. ट्विटरचेही दार एके काळी सर्वांना उघडे होते. ट्विटरिफिक हे तिऱ्हाइताचे ॲप २००७ पासूनचे. ट्विटरची ओळख बनून गेलेली पक्ष्याची कल्पना प्रथम त्याच्याच चिन्हात दिसली. ट्वीटबॉट २०११ पासूनचे. कंपनीच्या ॲपपेक्षा ही ॲप अधिक सुबक म्हणून लोक ती पैसे देऊन वापरीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ईलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले, आणि १२ जानेवारी २०२३ च्या रात्री ही सारी ॲप एकाएकी चालेनाशी झाली. आधी नोटीस नाही, कारण नाही. आठवडाभराने कंपनीने नियमावलीत एक वाक्य घातले, की ट्विटरसारखेच दुसरे ॲप बनविण्यास मनाई आहे. गुन्हा आधी ठरला आणि कायदा मागून आला!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या ॲपची वर्षाची वर्गणी ग्राहकांनी आगाऊ भरलेली होती. आपण ताळेबंदात आगाऊ मिळालेले उत्पन्न देयतेच्या बाजूस दाखवतो. का दाखवतो, हे परीक्षेपुरते सर्वांना पाठ असते. येथे ते प्रत्यक्षात दिसले. सेवा बंद झाली, म्हणून उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करणे आले, आणि ते पैसे त्या लहान मंडळींच्या पगारांत व भाड्यात केव्हाच खर्च झालेले. शेवटी दोन्ही ॲपच्या कर्त्यांनी आपल्या ग्राहकांना विनंती केली, की शक्य असेल तर परतावा नको असे कळवा. त्यासाठी ॲपमध्ये तसे एक बटणही दिले. ट्वीटबॉट बनविणाऱ्या टॅपबॉट्सने ॲप बंद पडल्याला दोन आठवडे होण्यापूर्वीच मॅस्टोडॉनसाठी आयव्हरी नावाचे नवे ॲप बाजारात आणले. एकाच मालकाच्या दारात दुकान थाटण्याचा धोका त्यांनी पुरता अनुभवला होता.

त्याच वर्षी रेडिटने तिऱ्हाईत ॲपना मोठे शुल्क आकारावयाचे ठरविले. अपोलो या लोकप्रिय ॲपच्या कर्त्याने हिशेब मांडला, तो वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर निघाला. ३० जून २०२३ रोजी त्याने ॲप बंद केले. यात सर्वांत जास्त अडचण झाली ती दृष्टिहीन वाचकांची. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेशी रेडिटचे स्वतःचे ॲप नीट जुळत नसे, म्हणून ते तिऱ्हाइतांची ॲप वापरीत. त्यांनी आवाज उठविल्यावर काही ना-नफा ॲपना शुल्कातून सूट मिळाली. म्हणजे 'कंपनीचेच घ्या' हा सल्ला येथे त्यांना देऊन भागले नसते. कंपनीचे त्यांना वापरताच येत नव्हते.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल तर आपल्या राज्यातील 'कू' आठवावे. बंगळूरहून २०२० साली निघालेले हे ॲप प्रथम कन्नडमध्ये आले, मागाहून मराठीसह इतर भाषांत. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ते चांगले ठाऊक असेल. तेथे कंपनी, सर्व्हर, खाते आणि ॲप सारे एकच. जुलै २०२४ मध्ये कंपनी थांबली तेव्हा सारेच थांबले.

आता मॅस्टोडॉनकडे परत येऊ. गंमत अशी, की येथे तिऱ्हाईत आधी आले आणि घरधनी मागाहून! अँड्रॉइडवरचे टस्की आणि आयफोनवरचे अमारॉक ही ॲप २०१७ सालची. मॅस्टोडॉनचे स्वतःचे ॲप आयफोनवर आले ते २०२१ च्या जुलैअखेर, आणि अँड्रॉइडवर २०२२ च्या एप्रिलमध्ये. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. तेव्हा रागावलेले अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले होते. त्यांच्यापैकी ज्यांनी ॲप घातले, त्या प्रत्येकाने तिऱ्हाइताचेच घातले, कारण दुसरे नव्हतेच.

अधिकृत ॲप आल्यावर जुन्या मंडळींचे समाधान झाले असेल असे वाटेल, पण तसे घडले नाही. मॅस्टोडॉनमध्ये तीन प्रकारे वाचता येते. आपण निवडलेल्या माणसांचे लेखन हा एक प्रकार, आपल्या सर्व्हरवरील सर्वांचे हा दुसरा, आणि आपल्या सर्व्हरपर्यंत पोचलेले चहूकडचे हा तिसरा. अधिकृत ॲप आले तेव्हा त्यात शेवटचे दोन प्रकार मुद्दाम ठेवलेले नव्हते. नवख्याचा गोंधळ होऊ नये हा हेतू असेल, आणि तो समजण्यासारखाही आहे. पण आपल्या गल्लीतील पतसंस्थेचे सभासद होऊन तिच्या वार्षिक सभेला बसता येऊ नये, तसे हे झाले. त्यावर लोकांनी काय केले? अधिकृत ॲपची संहिता सर्वांना खुली आहे. ती घेऊन एकाने तिच्यात हे दोन प्रकार आणि आणखी पुष्कळ सोयी घातल्या व मेगालोडॉन या नावाने निराळे ॲप काढले. त्यावरून पुढे मोशिडॉन निघाले. ब्रेक-शूचा कारखाना स्वतःच आपला साचा बाहेर ठेवतो आणि म्हणतो, 'घ्या, पाहिजे तसा बदल करा', असे आपण कोठे पाहिले आहे काय?

मे २०२३ मध्ये अधिकृत ॲपने आणखी एक बदल केला. नवीन खाते काढणाऱ्यास सर्व्हर निवडा म्हणून सांगण्याऐवजी, त्यांचा स्वतःचा मॅस्टोडॉन डॉट सोशल हा सर्व्हर पुढे करण्यात येऊ लागला. दुसरा निवडण्याची मोकळीक आहे, पण मोठे बटण पहिल्याचे. हजार नावांची यादी पाहून परत फिरणाऱ्यास हे सोयीचे खरे. तरी माझे मत असे, की येथे घाई करू नये. सर्व्हर बदलता येतो, वाचकही नव्या पत्त्यावर आणता येतात, पण जुने लेखन जुन्याच जागी राहते. ॲप बदलताना असे काहीच मागे राहत नाही. मग विचार कशाचा अधिक करावा? आपण नेमके उलट करतो. ॲपचे तारे मोजत बसतो आणि सर्व्हर मात्र जो पुढे येईल तो.

अधिकृत ॲपच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि ते सांभाळणारी पगारी माणसे आहेत. मॅस्टोडॉनमध्ये नवे काही आले की ते तेथे लवकर दिसते. दुसऱ्याचे लेखन उद्धृत करून त्यावर लिहिण्याची सोय नोव्हेंबर २०२५ मधील ४.५ या आवृत्तीत आली. तिऱ्हाईत ॲपना अशा वेळी आपापल्या सवडीने मागून यावे लागते. टस्कीसारखे ॲप स्वयंसेवक चालवतात. त्यांनाही नोकऱ्या आणि संसार असतात. मेटाटेक्स्ट हे आयफोनवरील चांगले ॲप एकट्याच्या खांद्यावर उभे होते, आणि २०२२ च्या अखेरीस त्याचे काम थांबले. वापरणाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली, दुसरे ॲप घेतले, खाते उघडले, तर सारे जसेच्या तसे. अपोलो आणि मेटाटेक्स्ट या दोन मृत्यूंतील फरक येथेच आहे.

तिऱ्हाईत म्हटला की पहिली शंका विश्वासाची. आपला पासवर्ड त्याच्या हाती द्यावयाचा काय? तर नाही, द्यावयाचा नाही, आणि द्यावा लागतही नाही. चांगले ॲप तुम्हाला तुमच्या सर्व्हरच्या पानावर नेते. पासवर्ड तुम्ही तेथे घालता. सर्व्हर विचारतो, या ॲपला तुमच्या नावे वाचू द्यावे काय, लिहू द्यावे काय? तुम्ही हो म्हटले की तो ॲपला एक परवाना देतो. आपण करार कायदा, १८७२ मध्ये कलम १८२ पासून पुढे प्रधान आणि अभिकर्ता शिकतो, तोच हा मामला. ॲप तुमचा अभिकर्ता. त्याला तुम्ही मुखत्यारपत्र देता, तिजोरीची किल्ली नव्हे. आणि मुखत्यारपत्र केव्हाही रद्द करता येते. सर्व्हरच्या संकेतस्थळावर खात्याच्या मांडणीत परवानगी दिलेल्या ॲपची यादी असते. तेथून नाव काढले की परवाना संपला, पासवर्ड बदलावा लागत नाही. एखादे ॲप आपल्याच पडद्यावर पासवर्ड टाका म्हणाले, किंवा या कामासाठी फोनमधील नंबरांची यादी मागू लागले, तर त्याला कोपरापासून नमस्कार करावा.

अभिकर्त्यालाही स्वतःची मते असतात, हेही ध्यानात ठेवावे. २०१९ साली गॅब हे द्वेषमूलक लेखनासाठी कुप्रसिद्ध असलेले अमेरिकन स्थळ मॅस्टोडॉनची संहिता घेऊन याच जाळ्यात आले. टस्कीने आपल्या ॲपमधून त्याची खाती उघडणे बंद केले. फेडिलॅबच्या कर्त्याची भूमिका निराळी होती. कोणाला अडवावयाचे ते सर्व्हरवाल्यांनी ठरवावे, असे त्याचे म्हणणे. मला टस्कीचे पटते, कारण नको असलेल्या प्रधानाचे काम नाकारण्याचा अधिकार अभिकर्त्याला असतोच. ऑगस्ट २०२० मध्ये मात्र गुगलने फेडिलॅब, सबवे टूटर इत्यादी ॲपना प्ले स्टोअरवरून काढण्याच्या नोटिसा दिल्या, त्यांतून द्वेषमूलक मजकूर दिसू शकतो म्हणून. तसा तो ब्राउझरमधूनही दिसू शकतो! पण यावरून एक कळते, की सर्व्हर हजार असले तरी ॲपच्या दुकानांचे मालक दोनच आहेत, आणि तेथे आपण सारे एकाच दाराशी उभे आहोत. अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइड हे मुक्त ॲपचे निराळे दुकान आहे, हा त्यावरील थोडासा उतारा. फेडिलॅब प्ले स्टोअरवर विकत आणि तेथे फुकट मिळते.

आपल्यासारख्यांसाठी ॲपची एक कसोटी मी महत्त्वाची मानतो, आणि इंग्रजीत लिहिलेल्या शिफारशींत तिला फारसे स्थान नसते. ती म्हणजे भाषेची चिठ्ठी. मॅस्टोडॉनवर प्रत्येक लेखनासोबत ते कोणत्या भाषेतील आहे याची नोंद जाते. २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून वाचक असे ठरवू शकतो, की अमक्याचे मला फक्त मराठी वाचावयाचे आहे, अथवा फक्त कन्नड. आता मी दोन्ही भाषांत लिहितो. माझ्या ॲपने कन्नड मजकुरावर इंग्रजीची चिठ्ठी डकवली, तर माझे कन्नड वाचू इच्छिणाऱ्या धारवाडच्या वाचकापर्यंत ते पोचणारच नाही. वाचून दाखविणारी यंत्रणा आवाज कोणता लावावयाचा तेही या चिठ्ठीवरून ठरवते. म्हणून लिहिण्याच्या चौकटीतच भाषा बदलण्याची सोय हाताशी आहे की नाही, हे आधी पाहावे. टस्कीत ती आहे आणि अधिकृत ॲपमध्येही आहे. नवीन ॲप घेतले की एक ओळ मराठीत, एक कन्नडमध्ये लिहून संकेतस्थळावर ती कशी नोंदली गेली ते पडताळावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आयव्हरीसाठी आयफोन लागतो आणि वर्गणीही, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचा प्रश्न तेथेच सुटतो. अँड्रॉइडवर मी पहिले काही दिवस अधिकृत ॲप वापरावे असे सुचवीन, कारण ते नवख्याचा हात धरून नेते. मग टस्की शेजारीच घालावे. एका खात्यासाठी दोन ॲप ठेवण्यास कोणाची हरकत नसते. वर्तमानपत्राप्रमाणे वरून खाली क्रमाने वाचावयाचे असेल तर एक, छायाचित्रे पाहावयाची असतील तर दुसरे, असेही चालते. गोटूसोशल नावाची सर्व्हरची एक लहानशी प्रणाली आहे. तिच्या कर्त्यांनी तर स्वतःची खिडकी बनविलीच नाही. लिहिणे-वाचणे सारे तिऱ्हाइतांच्या ॲपवर सोपवले आहे. तेथे 'कंपनीचे द्या' म्हणणाऱ्याला रिकाम्या हातानेच परतावे लागेल.

आणि फोनमध्ये जागाच नसेल, जशी ती आमच्या वसतिगृहातील निम्म्या फोनांत नसते, तर ॲप न घालताही भागते. ब्राउझरमध्ये आपल्या सर्व्हरचा पत्ता टाकावा, किंवा फॅनपी अथवा एल्क हे पान उघडावे. ही दोन्ही तिऱ्हाइतांचीच, फुकट, आणि परवाना देण्याची व काढून घेण्याची रीत वर सांगितली तीच.